पाणी न देणारी बाई

राखोंडे सिस्टरांशी आमच्या घराची ओळख भांडणातून झाली. भांडण पाण्यावरून झालं. नळाच्या पाण्यावरून नव्हे. तसं असतं तर आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत त्याची कोणी दखलही घेतली नसती. हे भांडण एका घोटावरून होतं.

माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. वडिलांना गल्लीतले सगळे आबाजी म्हणतात, आम्ही घरचेही. आदल्या संध्याकाळी वॉर्डात ठेंगणी, रुंद खांद्यांची एक सिस्टर आली. तिनं खाटेजवळचा तांब्या उचलला, पाण्याची बाटली उचलली, उशीमागे ठेवलेली दोन संत्रीसुद्धा उचलली आणि खाटेच्या दांडीला 'उपाशी' अशी पाटी अडकवली.

"रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही," ती म्हणाली. "सकाळी तोंड धुतानी चूळ गिळाची नाही, आबाजी. माह्यं लक्ष राहते."

आबाजींचा नंबर सकाळी होता. पण आधीचं ऑपरेशन लांबलं, मग अपघाताची एक केस मध्ये आली, आणि दुपार उलटली तरी आबाजी खाटेवरच. एप्रिल संपत आला होता. कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. आबाजींची जीभ टाळूला चिकटायला लागली. बोलताना शब्द अर्धेच बाहेर पडत होते. मी सिस्टरांकडे गेलो.

"एक घोट द्या, सिस्टर. म्हातारा माणूस आहे."

"नाही देता येत, भाऊ."

"ऑपरेशन कवा होईल ते तुमालेच माहीत नाही."

"म्हणूनच नाही देता येत. आत्ता हाक आली तर?"

"पण एका घोटानं असं काय होते?"

"असंच असते," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या.

'असंच असते' हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. त्यापुढे बोलणं संपायचं. थोड्या वेळानं मात्र त्या परत आल्या. ओला कापूस घेऊन त्यांनी आबाजींचे ओठ पुसले. आबाजींनी तो कापूस दातांत धरला आणि चोखायला लागले. सिस्टरांनी तो ओढून पाहिला, सुटेना.

"आबाजी, कापूस सोडा."

आबाजींनी मान हलवली. शेवटी सिस्टरांनी त्यांच्या गालावर हात ठेवला, तेव्हा जबडा सैल पडला. त्या क्षणी मला ही बाई इतकी नकोशी झाली होती की तिचं नावही विचारावंसं वाटलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. घरी निघताना आबाजींनी सगळ्यांना हात जोडले आणि सिस्टरांसमोर थांबले. "बाई, तुह्यासारखी कोरडी बाई म्या पाह्यली नाई. तहसीलात गेलं तर तिथीबी पानी पाजतेत."

त्या हसल्या. "पेशंट चालत घरी जाऊन राहिला, आबाजी. मले अजून काय पाह्यजे?"

पुढच्याच वर्षी आमच्यापासून दोन घरं सोडून एक बिऱ्हाड आलं. ओट्यावर बसलेल्या आबाजींनी टेम्पोमागून येणारी स्कूटी पाहिली आणि घरात हाक दिली, "ऐकलं का बे, पानी न देनारी बाई आली!" सिस्टरांना ते ऐकू गेलं. त्यांनी स्कूटी लावली आणि ओट्याशी येऊन विचारलं, "टाके कोरडे झाले ना, आबाजी? जड तर नाही उचलत?" तेव्हापासून त्या आमच्या झाल्या.

वंदना राखोंडे मूळच्या पातूरच्या. माहेरचा मळा होता, फुलांचा आणि भाजीचा. माहेरून आल्या की स्कूटीवर पायांजवळ मेथीच्या जुड्या आणि झेंडूची पिशवी असायची. गल्लीत वाटताना प्रत्येकीला ती भाजी कशी करायची ते सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तशीच केली का ते विचारायच्या. नवरा रमेशभाऊ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. ते फार बोलत नसत. "घरात एक मोठा आवाज पुरते," एवढंच म्हणायचे.

आमच्याकडे आल्या की आधी हात धुवायच्या. मग आबाजींच्या पलंगाशी उभ्या राहून बोलायच्या, आणि बोलता बोलता चादरीचे कोपरे ओढून गादीखाली खोचायच्या. आपण काय करतोय याकडे त्यांचं लक्षही नसे. आबाजी झोपलेले असले तरी त्यांना किंचित सरकवून चादर सरळ व्हायची. बायको म्हणायची, ताई आल्या की मला आपलं घर वॉर्डासारखं वाटतं. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि कपबशी स्वतः विसळून ठेवायच्या.

अशा या बाईंनी एक दिवस जाहीर केलं की त्या कॉलेजात जाणार आहेत.

दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. पदव्युत्तर शिक्षण, वर्ग अमरावतीला, फी सगळी शिष्यवृत्तीतून, आणि वर्गाच्या दिवशी भरपगारी रजा. विषयाचं नाव त्यांनी मला नीट उच्चारून सांगितलं: पुराव्यावर आधारित रुग्णसेवा. अटी दोन. आपल्याच वॉर्डातल्या एखाद्या कामाचा अभ्यास करून त्यात बदल करून दाखवायचा, आणि तो बदल खरोखर अमलात आला अशी दवाखान्याची सही मुदतीत आणायची. सही नाही तर पदवी नाही. वयाचीही मर्यादा होती, आणि त्यांच्यासाठी ते शेवटचं वर्ष होतं.

"या वयात अभ्यास, ताई?" बायकोनं विचारलं.

"मेट्रन व्हाचं आहे मले, वहिनी. त्याच्यासाठी ही पदवी लागते. नाही तर कोणाले हौस आहे बुढेपणी शाळेत जाची?"

हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्या ज्ञानासाठी गेल्या असं कोणी म्हटलं तर त्या स्वतःच खोडून काढत.

मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो. आमचं विभागीय कार्यालय अमरावतीला, त्यामुळे अधूनमधून आमची बस एकच असायची. पहिल्या वर्गाच्या दिवशी परतताना आम्ही शेजारी बसलो. एरवी अमरावतीचा स्टँड सुटला की मूर्तिजापूरपर्यंत त्यांचं बोलणं थांबत नसे. त्या दिवशी त्या गप्प होत्या. मूर्तिजापूरला मी फुटाणे घेतले, त्यांनी हात पुढे केला नाही.

"भाऊ, तुमी हिशेब तपासता तवा आधी काय पाहता?"

"पावती."

"नसन तर?"

"तर खर्च मान्य नाही. कितीही खरा असला तरी."

"मले आज पावती मागतली," त्या म्हणाल्या.

शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात विचारलं होतं, तुम्ही रोज न चुकता करता असं एक काम सांगा. राखोंडे सिस्टर सगळ्यांत आधी उठल्या: ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर पाणी बंद. का? पोट रिकामं पाहिजे. भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. बरोबर, मॅडम म्हणाल्या. जेवण पोटात बराच वेळ थांबतं, म्हणून ते बंद. साधं पाणी किती वेळ थांबतं?

"मले नाही आलं सांगता. इतके वर्षं लोकाईच्या हातातून तांबे घेतले, आन् पाणी पोटात किती वेळ राहते ते मले माहीत नाही! त्याईनं वाचाले कागद देले. मी ते सगळे वाचणार आहे, भाऊ. आन् ती बाई चुकून राहिली हे दाखवणार आहे."

त्या ईर्ष्येनं वाचायला लागल्या. कागद इंग्रजी. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवायच्या. टक्केवारी आली की मला हाक. "शंभरातले इतके की हजारातले इतके, ते सांगा." सुरुवातीला प्रत्येक कागदात त्यांना खोट सापडायची. "हे थंड मुलुखातले लोक. याईच्या पोटाचं आपल्याले काय?" मग आपल्या देशातले कागद हाती आले. ते वाचताना त्या हळूहळू शांत होत गेल्या. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध, दुधाचा चहा, ताक हे मात्र पाणी नव्हे, त्यांना जेवणासारखंच धरायचं. सगळीकडे फिरून फिरून तेच येत होतं. उलट फार वेळ कोरडं ठेवलेल्या माणसाचं डोकं दुखतं, जीव घाबरा होतो, म्हाताऱ्यांना भ्रम होतो.

एका संध्याकाळी त्या आल्या, हात धुतले आणि आबाजींच्या पलंगाशी उभ्या राहिल्या. चादरीचा कोपरा खोचला. मग दुसरा.

"आबाजी, त्या दिवशी सकाळी तुमाले पाणी देता आलं असतं."

आबाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग काहून नाई देलं?"

"मले माहीत नव्हतं."

"मले तं माहीत होतं," आबाजी म्हणाले. "मले तहान लागली होती."

सिस्टर पलंगाच्या काठावर बसल्या. आबाजींच्या पलंगावर बसलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या मळ्यात रोप काढाचं असलं का बाप आदी वाफा भिजवाले लावे," त्या म्हणाल्या. "कोरड्या वाफ्यातलं रोप उपटलं तर मुळ्या तुटतेत. लहानपणी म्याच पाणी देल्लं आहे वाफ्याईले. आन् माणसाईले कोरडं ठेवून टेबलावर पाठवत राहिली."

"मंग आता देशीन?"

"देईन."

"कवा?"

"ते डॉक्टरवर आहे."

याच सुमारास त्यांचं 'असंच असते' बंद झालं आणि 'कायच्यावरून?' सुरू झालं. त्याचा ताप सगळ्या गल्लीला झाला. हातगाडीवाला म्हणाला, टरबूज गोड आहे, की "कायच्यावरून?" बायको म्हणाली, पपईनं उष्णता होते, की "कायच्यावरून, वहिनी?" रमेशभाऊंनी एकदा सांगितलं की डाळीत मीठ जास्त झालंय, तेव्हाही त्यांना तेच ऐकावं लागलं. "आता जिभेची पावती कुठून आणू?" ते मला म्हणाले.

भुलीचे डॉक्टर बाहेकर यांच्याकडे त्या गेल्या तेव्हा इस्त्रीची साडी नेसून गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी ते सगळं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

"दोन तासांचा नियम मला ठाऊक आहे, सिस्टर," डॉक्टर म्हणाले होते. "शिकलोय मी तो."

"मग सर, आपल्याकडे का नाही?"

"कारण आपली यादी. अकराचं ऑपरेशन दीडला होतं, आणि कधी दीडचं अकराला घ्यावं लागतं. दुसरं कारण, तुम्ही सांगाल पाणी, ते देतील काय? फुप्फुसात गेलं तर उत्तर मला द्यायचंय. तुमच्या अमरावतीच्या मॅडमना नाही."

"माणूस बरोबर बोलून राहिला, हाच तर ताप आहे," सिस्टर आम्हाला म्हणाल्या. "उर्मट असता तर भांडता आलं असतं."

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकाच वॉर्डापुरती. एक जरी चूक झाली तर त्याच दिवशी बंद, आणि मग सही मागायची नाही. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

उन्हाळ्यातच काम सुरू झालं. थिएटरमधून फोन यायचा, अमक्याचा नंबर अमक्या वेळेच्या आधी लागत नाही. मग सिस्टर त्या खाटेशी जाऊन नातेवाइकांना सांगायच्या, पाणी द्या, फक्त पाणी. सुरुवातीचे आठवडे नीट गेले. ओट्यावर येऊन त्या सांगायच्या, वॉर्डातली भांडणं कमी झाली, सुईसाठी नसा सापडायला सोप्या जातात, म्हातारे चिडत नाहीत. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ऐट आली होती. मला ती आवडली नाही असं मी म्हणणार नाही, पण धाकधूक वाटत होती. तपासणीत सुरुवातीची पानं स्वच्छ असली की मी पुढची जास्त सावकाश पाहतो.

मग ती दुपार आली. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक भाजी विकणारी बाई होती. तिला थिएटरच्या दाराशी नेलं, आणि ट्रॉली ढकलणाऱ्या सिस्टरांना तिच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ दिसली. त्यांनी बोटानं पुसून पाहिली.

"हे काय आहे?"

"पानीच देलं जी," मागून आलेली नणंद म्हणाली. "थोडी मही टाकली फकत."

मही म्हणजे ताक. सिस्टरांनी ट्रॉली तिथेच थांबवली आणि आत जाऊन स्वतः सांगितलं. सर्जन ओरडले. बाहेकर ओरडले नाहीत. त्यांनी त्या बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर ढकललं, हातमोजे काढले आणि म्हणाले, "सिस्टर, आजपासून बंद. आपलं ठरलं होतं."

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि हात न धुताच बसल्या. आबाजींच्या चादरीचा एक कोपरा लोंबत होता, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"भूल देली असती तर?" त्या म्हणाल्या. "तोंड पुसून आणली असती तिले, तर मले दिसलंच नसतं."

बायकोनं चहा पुढे ठेवला. तो तसाच राहिला.

"मेट्रन म्हणे, त्या बाईले तुह्या अभ्यासात घेऊच नको. ऑपरेशनच झालं नाही म्हणे त्या दिवशी, मंग ती धरायची काहून? बाकीचे सगळे चांगले आहेत. तेवढ्यावर सरांच्या हातापाया पडून सही घे." मग माझ्याकडे वळल्या. "तुमाले काय वाटते, भाऊ?"

मी तोंड उघडण्याआधी त्याच बोलल्या. "बाहेकर सरांले भेव होतं ते याच बाईचं. तिलेच काढून टाकलं तर त्याईच्या भेवाले उत्तर कुठून देऊ मी?"

"मुदत किती राहिली?" मी विचारलं.

"पावसाळा लागेपर्यंत."

"आणि नाही झालं तर?"

"मी मेट्रन होत नाही, इतकंच. पण पाणी एकदा असं बंद झालं ना भाऊ, तर मी रिटायर होऊन जाईन तरी कोणी चालू कराचं नाव काढणार नाही. सगळे म्हणतीन, राखोंडेनं करून पाह्यलं होतं, काय झालं ते माहीत आहे ना!" मग हळू म्हणाल्या, "मी म्हणत होती तसंच म्हणतीन. असंच असते."

दुसऱ्या दिवशी त्या भाजीवालीच्या नणंदेजवळ जमिनीवर बसल्या. रागावल्या नाहीत. मही काहून टाकली, एवढंच विचारलं. नणंद म्हणाली, उन्हाळ्यात निरण्या, रिकाम्या पोटी नुसतं पाणी बाधते, जी. किती टाकली? रंग येईपर्यंत. मग सिस्टर वॉर्डभर फिरल्या आणि प्रत्येक खाटेपाशी हाच प्रश्न विचारला: आपल्या माणसाले पाणी द्या म्हटलं, तर कसं देसान? एकीनं सांगितलं, साखर-मीठ घालून. एकानं सांगितलं, ग्लुकोजची पुडी. एक म्हातारी म्हणाली, नुसतं पाणी पाहुण्यालेही देत नाही आमी, आजाऱ्याले कसं देऊ? गूळ तरी पाह्यजे सोबत. सगळे प्रेमानंच सांगत होते.

"चूक माह्यीच आहे," त्या मला म्हणाल्या. "मी पाणी चालू केलं आन् देणं घरच्याईच्या हातात ठेवलं. आपल्या माणसाले कोरं पाणी देईन असं घर पातुरात नाही, अकोल्यात कुठून राहीन?"

त्यांनी पद्धत बदलली. पाणी वॉर्डातलं, आणि देणार फक्त सिस्टर. स्टीलचा ग्लास बंद, काचेचा ग्लास. देण्याआधी तो खिडकीकडे धरायचा. पलीकडचं झाड स्वच्छ दिसलं तरच द्यायचा. त्याआधी दूध-ताक पोटात गेलं नाही ना म्हणून पेशंटची जीभ पाहायची. थिएटरचा फोन आल्याशिवाय ग्लास भरायचा नाही. हे सगळं, आणि त्या बाईची हकीकत पहिल्याच पानावर घालून, त्या बाहेकरांच्या खोलीबाहेर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. कागद वाचल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही असाल तेव्हा हे होईल. तुम्ही नसाल तेव्हा?"

सिस्टर म्हणाल्या, "मग मी नसेन त्या दिवशी तुम्ही पाहा, सर."

तो दिवस त्यांच्या वर्गाचा होता, आणि बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. वॉर्डात त्या दिवशी त्यांनी शिकवलेल्या दोन सिस्टर होत्या; एक तर नुकतीच नोकरीला लागलेली. राखोंडे सिस्टरांनी फोन मांडीवर उताणा ठेवला होता. त्या खिडकीबाहेरही पाहत नव्हत्या. बोरगावच्या पुढे त्यांनी एकदा विचारलं, "रेंज आहे ना इथी?" मी माझा फोन पाहिला आणि आहे म्हटलं.

"फोन आला तर वाईट का नाही आला तर?" मी विचारलं.

"मलेच नाही समजून राहिलं."

मूर्तिजापूर गेलं. वरच्या जाळीतल्या पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं. बडनेऱ्याच्या अलीकडे फोन वाजला. त्यांनी तो असा पकडला की मला वाटलं हातातून सुटेल. बाहेकरांचा आवाज मोठा. मलाही ऐकू येत होता.

"सिस्टर, ती तुमची नवीन मुलगी! पेशंटला म्हणाली, जीभ दाखवा. त्याच्या भावानं चहाचा कप पुढे केला, तर तिनं तो कप उचलून मोरीत ओतला. मी दारात उभा होतो. मला म्हणाली, सर, जरा बाजूला व्हा, उजेड अडून राहिला, ग्लासातून झाड दिसत नाही."

"मंग सर..." एवढंच सिस्टर म्हणाल्या, आणि सरांशी आपण वऱ्हाडीत बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मग काय! सुरू ठेवा."

"आणि सही, सर?"

"सही महिनाभर असंच चाललं तर. आधी सुरू ठेवा."

फोन बंद झाला. त्यांनी बाटली उघडली आणि अर्धी एका दमात प्यायल्या. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "काय पोरगी आहे! सराईले बाजूले हो म्हणे." पुढच्या स्टँडपर्यंत त्या मधूनमधून एकट्याच हसत होत्या.

सही मुदतीत झाली, पदवी मिळाली. मेट्रन मात्र दुसरीच झाली. ती त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होती आणि त्यात वावगं काही नव्हतं. त्या दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी वांगी घेऊन आल्या. पुढे अमरावतीच्याच कॉलेजानं त्यांना शिकवायला बोलावलं. रमेशभाऊंनी बडनेऱ्याला बदली मागून घेतली. घराचं सामान बांधणं सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात आबाजी मोरीत घसरून पडले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात ऑपरेशन म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी आकड्यांतला माणूस; त्यांनी सांगितलेला धोक्याचा आकडा मी बायकोलाही सांगितला नाही. वॉर्ड तोच होता. राखोंडे सिस्टरांचा तो दवाखान्यातला शेवटचा आठवडा होता.

सकाळी आबाजी डोळे मिटून पडले होते. दांडीला 'उपाशी'ची पाटी होती. रात्रभर दुखण्यानं त्यांना झोप नव्हती, ओठ सुकून पांढरे झाले होते. त्यांनी पाणी मागितलं नाही. या वॉर्डात ते मागायचं नसतं हे त्यांना पक्कं आठवत होतं.

टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरांनी तो ऐकला, ठेवला, घड्याळ पाहिलं. मग काचेचा ग्लास भरून आल्या. खिडकीकडे धरला. पलीकडचा कडुनिंब ग्लासातून स्वच्छ दिसत होता.

"आबाजी, जीभ दाखवा."

आबाजींनी डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. "बाई, ग्लास चुकून आनला का माह्याकडं?"

"जीभ."

आबाजींनी जीभ बाहेर काढली. शाळेतल्या पोरासारखी, पूर्ण. सिस्टरांनी वाकून पाहिली, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि ग्लास ओठांना लावला. आबाजींनी एक घोट घेतला. पण गाल फुगलेलेच राहिले. ते पाणी तोंडात धरून होते आणि एकटक त्यांच्याकडे पाहत होते.

"गिळा, आबाजी," सिस्टर म्हणाल्या. "आता गिळाचं."

त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग दुसरा घोट, मग तिसरा. ग्लास रिकामा झाला. सिस्टरांनी त्यांची मान हळूच उशीवर ठेवली, आणि त्याच हातानं चादरीचा कोपरा ओढून गादीखाली खोचला.

तेवढ्यात थिएटरचा फोन पुन्हा वाजला. त्या गेल्या, ग्लास विसळला, भरला. मला दिसली ती त्यांची पाठ: रुंद खांदे, वर उचललेला हात, आणि खिडकीच्या उजेडात धरलेला पुढच्या खाटेचा ग्लास.